दारू सोडायची आहे, पण मीटिंग भरते कुठे?

त्या शाळेसमोरून आम्ही तीनदा गेलो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगसाठी फोनवर सांगितलेला पत्ता बरोबर होता, वेळही तीच होती, पण फाटक अर्धवट लोटलेलं, आवारात अंधार आणि कुठेही पाटी नाही. दादा म्हणाला, "चल घरी. नसेल आज काही." त्याला तेच हवं होतं. तेवढ्यात वॉचमनने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता जिन्याकडे बोट केलं. "वर, डावीकडे. तिसरीचा वर्ग."

वर्गात पाढ्यांचा तक्ता लावलेला होता. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर पंधरा-सोळा मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. त्यात दोन बायका होत्या. कोणी आमचं आडनाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही. एकाने सरकून जागा दिली, दुसऱ्याने चहाचा कागदी कप पुढे केला. दादाचा हात इतका कापत होता की चहा बाकावर सांडला. शेजारच्याने खिशातला रुमाल काढून तो पुसला आणि कप पुन्हा अर्धाच भरून दिला. अर्ध्या भरलेल्या कपातून चहा सांडत नाही, हे त्याला स्वतःच्या हातांवरून माहीत होतं.

त्या संध्याकाळनंतर ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून मला बरेच फोन आले. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, एकदा तर एका निवृत्त शिक्षकांचा स्वतःसाठीच. प्रश्न तोच असतो. अशी मीटिंग आमच्याकडे कुठे भरते, आणि तिथे नेमकं होतं काय? मी डॉक्टर नाही. पण एका माणसाला घरातून त्या बाकापर्यंत नेताना काय काय आडवं येतं, ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

आधी पाटीचं सांगते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे एए म्हणतात, त्या नावातच 'अनामिक' आहे. तिथे येणाऱ्याची ओळख बाहेर जाऊ नये, हा नियम नंतर चिकटवलेला नाही, सगळं त्याच्यावरच उभं आहे. म्हणून बाहेर फलक नसतो, आत हजेरीपट नसतो, आधार कार्ड कोणी मागत नाही. पहिल्या नावाने ओळख होते आणि तेवढीच राहते. पण हीच गुप्तता नवख्या माणसाला पहिल्या दिवशी अडचणीची होते, कारण जागा सापडत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पत्त्याबरोबर माणूसही मागून घ्या. "मी फाटकाशी येऊन फोन करतो, कोणी खाली येईल का?" असं आधीच विचारा. येतात. आनंदाने येतात.

ही माणसं अशी का धावत येतात, याचं उत्तर १९३५ सालात आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं शहर आहे. न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस, बिल, तिथे एका व्यवहारासाठी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, एका बाजूने बारमधला हसण्या-बोलण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो फोनकडे वळला. एकामागून एक फोन करत त्याने विचारलं की या गावात माझ्यासारखाच दारूने पिडलेला कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ बॉब नावाच्या एका सर्जनशी पडली. पंधरा मिनिटं देतो म्हणून बसलेले डॉक्टर काही तास बसले. पुढे १० जून १९३५ हा डॉक्टर बॉब यांचा शेवटच्या पेगचा दिवस ठरला आणि तोच एएचा स्थापना दिवस मानतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बिलने फोन केला तो डॉक्टरांचं भलं करायला नव्हे. आपण आज पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. आजही हेच चालतं. तुम्ही अपरात्री हेल्पलाइनला फोन केलात तर समोरच्याला त्रास दिला असं वाटून घेऊ नका. तुमच्या फोनने त्याचाही आजचा दिवस टिकतो.

भारतात एए १९५७ मध्ये सुरू झालं. आता इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही मीटिंगा होतात. मराठीत होतात हे मुद्दाम सांगते, कारण "ते इंग्रजी लोकांचं काहीतरी" असा समज मी अजूनही ऐकते.

मग शोधायचं कसं? एएच्या भारतातल्या अधिकृत संकेतस्थळावर शहरवार ग्रुप आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. मोठ्या शहरांत सगळ्या ग्रुपांचं मिळून एक कार्यालय असतं, त्याला इंटरग्रुप म्हणतात. तिथे फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेलाच माणूस असतो. फक्त यादी बघून थेट निघू नका. मीटिंगा शाळेत, समाजमंदिरात, दवाखान्यात, चर्चच्या हॉलमध्ये, मिळेल त्या खोलीत भरतात. परीक्षा आली की शाळेचा वर्ग मिळत नाही, गणपतीत हॉल मंडळाकडे जातो, आणि यादी मात्र जुनीच राहते. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. आज नक्की आहे का? शेअरिंग, म्हणजे तिथलं बोलणं, मराठीत असतं का? आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला घरचे, मित्र, कोणीही बसू शकतात. क्लोज्ड ही फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. आम्ही गेलो त्या दिवशी ओपन होती, म्हणून मी आत बसू शकले. फोनवरच्या गृहस्थांनी आधीच सांगितलं होतं, "ताई, आज तुम्ही पण बसा. पुढच्या वेळी मात्र त्यांना एकट्यालाच पाठवा."

फोन करायचंच धाडस होत नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. व्यसनमुक्ती केंद्रांनाही आसपासच्या मीटिंगा ठाऊक असतात. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथून बाहेर पडलेल्यांसाठी पुण्याबाहेरही फॉलोअपच्या बैठका होतात. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. ही केंद्रं आणि एए एक नव्हेत. केंद्रात दाखल करून उपचार होतात, तिथे डॉक्टर, समुपदेशक असतात. एए कोणाला दाखल करून घेत नाही, गोळ्या देत नाही, सर्टिफिकेट देत नाही. पण केंद्रातून घरी परतल्यावरचे जे लांबलचक महिने असतात, तिथे मीटिंगच हाताशी असते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही हेल्पलाइनही आहे, तिला पैसे पडत नाहीत.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे मीटिंग असली तर आठवड्यातून एखादी, नसली तर वीस-पंचवीस मैलांवर, आणि शेवटची एसटी निघून गेलेली. शिवाय गावात कोण कुठे गेलं हे लपत नाही. अशांसाठी आणि परदेशातल्या मराठी माणसांसाठी ऑनलाइन मीटिंगा हा मोठाच आधार झाला. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. तरीही माझं मत असं, की महिन्यातून एकदा का होईना, उठून माणसांत जावं. सांडलेला चहा मोबाइलवरून कोणी पुसू शकत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि ती मीटिंगच्याही आधीची आहे. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घेतो, त्याने जिद्दीने एका दिवसात दारू बंद करणं धोक्याचं असतं. शरीराला तिची सवय झालेली असते. बंद केल्यावर काही तासांत कंप, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. बहुतेक पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही. याने माणूस दगावू शकतो. घरचे मात्र "नाटकं करतोय" किंवा "बाहेरची बाधा" म्हणून अंगारा लावत बसतात. तसं करू नका. फिट आली, असंबद्ध बडबड सुरू झाली तर १०८ ला फोन करा. आणि सोडायच्या आधीच डॉक्टरांना भेटा. पाच-सात दिवस औषधांच्या आधाराने आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन हा घाट नीट उतरता येतो. दादाची ही चूक झाली होती. त्या संध्याकाळचा कंप पाहून मीटिंगमधल्याच एका काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या सकाळी आधी दवाखाना, संध्याकाळी मीटिंग." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

याच जोडीला ते भिंतींवरचे, एसटी स्टँडवरचे पत्रक: 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा'. आईने अशी पुडी कुठूनतरी आणून दादाच्या आमटीत घातली होती, आणि त्याबद्दल मी आईला दोष देत नाही, ती थकली होती. पण त्या पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. दारूशी रिॲक्शन करणारं औषध त्यात असेल आणि माणूस न कळता वर प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. डॉक्टर तेच औषध देतात तेव्हा पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने देतात. फरक तिथे आहे.

मीटिंगमध्ये होतं काय, याकडे येते. साधारण तास-दीड तास. सुरुवातीला क्षणभर शांतता, मग एक लहानसं निवेदन वाचतात. सभासद व्हायला फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, असा त्याचा अर्थ. मग एकेक जण उभा राहून बोलतो. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे." मी काय होतो, काय झालं, आता कसा आहे. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, उलट प्रश्न नाही, सल्ला नाही. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, कोणाला वाईट वाटत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून. नवीन माणसाने टाकले नाहीत तरी चालतं. बाहेरच्या देणग्या एए घेतच नाही. त्यामुळे कोणी एएच्या नावाने हजारांची फी मागितली, तर ते एए नाही, एवढं पक्कं समजा.

त्या वर्गात मी जे ऐकलं ते इथे लिहिणार नाही, ते तिथेच राहायचं असतं. दादाच्या परवानगीने एवढंच सांगते. एक जण बोलत होता तेव्हा दादाचा मघापासून हलणारा पाय थांबला. घरी येताना रिक्षात तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो माझंच सांगत होता गं." दहा वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला समजावलं, शपथा घातल्या, रडलो, ओरडलो. आमच्यापैकी कोणालाही "तू माझंच सांगतेस" असं तो कधी म्हणाला नव्हता, कारण आम्ही त्याचं सांगतच नव्हतो, आमचं सांगत होतो.

हा नुसता भावनेचा भाग नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या उपचारांवरचे अभ्यास पडताळून पाहणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, मिळून १०,५६५ माणसं, एकत्र तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि माणसाला पद्धतशीर एएकडे वळवणारे उपचार इतर नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. आणि आपल्याकडे गरज किती? केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसं ५.७ कोटींच्या घरात आहेत. पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो. उरलेले ३७ घरीच असतात. दारूबरोबर आणि शरमेबरोबर.

देवाबद्दल लोक अडखळतात. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूशिवाय जगण्यासाठी तिथे सांगितलेल्या बारा टप्प्यांमध्ये, 'मला समजलेला देव' असा उल्लेख येतो, आणि मुंबई-वसई-गोव्याकडे बऱ्याच मीटिंगा चर्चच्या आवारात भरतात, म्हणून "धर्म बदलायला लावतात का?" हा प्रश्न मला दबक्या आवाजात विचारला गेलेला आहे. नाही. चर्च खोली देतं, ग्रुप भाडं देतो, संपलं. तिथे विठ्ठलाला मानणारे असतात, नमाज पढणारे असतात आणि काहीच न मानणारेही असतात. काही न मानणारे म्हणतात, पायऱ्यांमधली आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे माझ्यासाठी हा ग्रुप. बारा पायऱ्यांचा गाभा देवळापेक्षा आपल्या घराशी जास्त जोडलेला आहे. दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं, आपल्या चुकांचा खरा हिशेब मांडणं, ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन शक्य तेवढी भरपाई करणं, मग दुसऱ्याला मदत करणं. याही उप्पर कोणाला ते पटलं नाही, तर समुपदेशन आहे, तलप कमी करणारी औषधं आहेत, आणि हे सगळं मीटिंगबरोबरही चालतं. एखाद्या जुन्या सभासदाने "मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर" असं सांगितलं तर ते त्याचं वैयक्तिक मत. गोळ्या डॉक्टर ठरवतील.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा. एक ग्रुप तरुणांचा, एकात सगळे गिरणीतले जुने कामगार, एकात लांबलचक बोलणारे. निदान पाच-सहा ठिकाणी बसा, मग जिथे घरासारखं वाटेल तो आपला ग्रुप. नवीन माणसाला जुने सांगतात, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर. सगळ्यांना जमत नाही, दादालाही जमलं नाही, पण सुरुवातीचे तीन महिने जितक्या होतील तितक्या कराव्यात. काही दिवसांनी एक स्पॉन्सर धरतात, म्हणजे ज्याला रात्री तलप आली की फोन करायचा असा आधी सोडलेला माणूस. पुरुषाने पुरुष धरावा, बाईने बाई.

बायकांची कुचंबणा मात्र अजून संपलेली नाही. पिणाऱ्या पुरुषाची कीव तरी येते, बाईच्या वाट्याला फक्त थुंकी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने शिरणं किती अवघड असेल ते मी त्या दोघींकडे पाहून ताडलं. फोनवर "मला बाईशीच बोलायचंय" असं स्पष्ट सांगा. काही शहरांत फक्त स्त्रियांच्या मीटिंगा आहेत, नसल्या तरी जुनी सभासद बाई तुमच्याबरोबर येईल का, ते विचारता येतं. मुक्तांगणमध्येही स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे, निशिगंध नावाचा.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी अल-ॲनॉन आहे, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगा. पिणारा मीटिंगला जायला तयार असो वा नसो, तुम्ही जाऊ शकता. मुक्तांगणचा सहचरी गटही पत्नींसाठीच आहे. वहिनी पहिल्यांदा चिडली होती, "पितो तो आणि जायचं मी?" गेली, कारण झोप लागेनाशी झाली होती. तिथे ती शिकली की त्याच्या साहेबांना खोटं सांगायचं नाही, बाटली शोधत घर उलथंपालथं करायचं नाही, त्याची उधारी आपण फेडायची नाही. मुख्य म्हणजे आपण याला कारण नाही, हे तिला कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं. ती त्या रात्री जेवली. दादाची दारू सुटायला तेव्हा अजून सात महिने होते.

कारण दादा एकदा घसरला. एएच्या भाषेत स्लिप. गटारी, हळद, वरात, थर्टी फर्स्ट, असे दिवस जपायचे असतात हे त्याला माहीत होतं, पण तो घसरला एका साध्या मंगळवारी, पगाराच्या दिवशी, "एकच" म्हणत. पहिला प्याला टाळा असं तिथे का म्हणतात ते तेव्हा समजलं. त्याला तो एकच प्याला पाच दिवस पुरला. त्याहून वाईट म्हणजे पुढचे दोन आठवडे तो लाजेने मीटिंगला गेला नाही. शेवटी गेला तेव्हा त्याला वाटलं होतं बोलणी खावी लागतील. ते काका एवढंच म्हणाले, "आलास, बरं झालं. बस." दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

दारू सुटल्यानंतरच्या दिवसांत किंवा स्लिप झाल्यावर मन फार काळवंडतं. जगून काय करायचं असे विचार आले तर मीटिंगच्या वेळेची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

एएला फोन लावाल तेव्हा लांबलचक काही सांगायचं नसतं. "मला मीटिंगला यायचंय, मराठीत बोलणारी हवी, मी अमुक भागात राहतो," एवढं पुरतं. पूर्ण नाव सांगू नका, कोणी विचारणारही नाही. "आज घेतली आहे का?" असं विचारतील. खरं सांगा. घेतली असली तरी या म्हणतील. फक्त त्या दिवशी बोलायचं नाही, मागच्या बाकावर बसून ऐकायचं. आणि फाटकाशी पोचलात की पुन्हा फोन करा, कोणीतरी जिना उतरून खाली येईल.